मास्तरीणबाईंचा दोर

शाळेला सुट्टी लागली की बाकीची पोरं मोकाट सुटायची. या घरातल्या दोघी मात्र एका शाळेतून सुटून दुसऱ्या शाळेत अडकायच्या. या दुसऱ्या शाळेची मुख्याध्यापिका त्यांची आई, शिक्षिकाही तीच आणि घंटा बडवणारी शिपाईही तीच. घंटा म्हणजे दुधाची रिकामी बादली. आई स्वतः शिकली होती बेताचीच. लग्न ठरलं तशी तिची पुस्तकं माळ्यावर गेली. पण शिकवायची हौस इतकी दांडगी, की तिच्या थोरल्या दिरांनी तिला मास्तरीणबाई म्हणायला सुरुवात केली. थट्टेत पडलेलं नाव गावभर झालं, आणि तिला ते मनातून फार आवडायचं.

शाळाही साधीसुधी नव्हती. गोठा झाडून, धारा काढून झाल्या की पडवीत वर्ग भरायचा. अपूर्णांक दुधाच्या मापावर शिकायचे, भागाकार अंड्यांवर. वाचायला बियाण्याच्या पिशवीवरची सूचना, औषधाच्या बाटलीवरचा इशारा, पुडीला आलेला वर्तमानपत्राचा तुकडा, काहीही चालायचं. तुकड्यावरची बातमी नेहमी अर्ध्यावर तुटायची, मग पुढचं पोरींनी रचायचं. धाकटीच्या बातमीत प्रत्येक मोठा माणूस शेवटी विहिरीत पडायचा. जेवणं झाली की शोधमोहीम. ओढ्याच्या कडेने जायचं, वाकून बघायचं, हात मळवायचे आणि परत येऊन काय पाहिलं ते सांगायचं. पाइपात घर केलेला पक्षी, मुंगसाचं बीळ, पाण्याने गुळगुळीत केलेला निळ्या काचेचा तुकडा. किती सुखाचे दिवस होते ते! तेव्हा कुणालाच ते कळत नव्हतं, सगळ्यांना फक्त ऊन लागत होतं.

धाकटीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसलेली कुणी पाहिलीच नव्हती. थोरली तिच्या अगदी उलट; पाढा म्हणतानासुद्धा आधी विचार करायची. तिसरी विद्यार्थिनी ठमी, दिरांची मुलगी. ठमी रांगत होती तेव्हाच तिची आई गेली. बांधापलीकडे तिचं घर, पण डोळे उघडले की ती इकडे यायची, ती झोपायलाच परत जायची. मास्तरीणबाईंनी तिला कधी वेगळी धरली नाही. वेणी तिघींची, बोलणी तिघींना आणि धपाटाही तिघींत सारखा वाटलेला.

सारख्या वाटण्यांचं त्या घराला वळणच होतं. दोन भावांची शेतं शेजारी शेजारी, मध्ये एक बांध. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, हयात असतानाच जमीन दोघांत निम्मी निम्मी करून दिली होती. बैल मात्र प्रत्येकाला एकच दिला. धाकट्याचा तांबडा, थोरल्याचा पांढरा. नांगराला दोन्ही लागायचे, त्यामुळे नांगरट मिळून व्हायची, आज याचं रान तर उद्या त्याचं. आबांनी हे मुद्दाम केलं की आपसूक झालं, हे आबाच जाणोत.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मास्तरीणबाईंच्या डोक्यात नकाशा शिरला. आपल्या शेताचा नकाशा, पडवीच्या पांढऱ्या भिंतीवर, कोळशाने. नवऱ्याने भिंतीची बाजू घेऊन थोडी कुरकुर केली, पण बायकोच्या डोळ्यांत चमक दिसली की तो फार ताणत नसे. ठमीने लगेच तोंड फुगवलं. माझं शेत नसेल तर मी कोळसा धरणार नाही, असं तिने बजावलं. मग ठरलं, दोन्ही शेतं काढायची.

मोजायला घेतला विहिरीवरचा जुना तागाचा दोर. दिवसा दिरांच्या रानात कामं चालायची, म्हणून त्यांची बाजू भल्या सकाळी मोजून घेतली. गवत दवाने निथळत असायचं, पोरींचे परकर गुडघ्यापर्यंत भिजायचे. आपली बाजू आपल्या सवडीने, दुपारच्या शोधमोहिमेत. एक टोक भिंगरीकडे, दुसरं ठमीकडे, आणि किती दोर झाले ते लक्षात ठेवायचं काम थोरलीचं. वाटेतल्या जागांना नावं दिली. लपायचा खड्डा, रुसायचा दगड, ठमी पडली ते ठिकाण. भिंतीवर हे सगळं उतरलं तेव्हा मास्तरीणबाई चार पावलं मागे जाऊन बघत राहिल्या. इतकं देखणं काम आपल्या हातून कधी झालं नव्हतं, असं त्यांना वाटलं.

संध्याकाळी नवरा आला, हातपाय धुऊन नकाशासमोर उभा राहिला. कौतुक केलं, ठमी पडली त्या जागेला हसला. मग त्याचं बोट बांधापाशी थांबलं. बांधाच्या पलीकडची बाजू रुंद होती, अलीकडची अरुंद. त्याने थोरलीला विचारलं, नीट मोजलं होतंस ना? थोरलीने दोन्हीकडचे आकडे घडाघडा सांगितले. तिची मोजणी चुकत नाही, हे सगळ्या घराला माहीत होतं. त्या रात्री तो थोडंच जेवला.

हा माणूस हावरा मुळीच नव्हता. वीतभर जमीन जास्त आली काय, कमी गेली काय, त्याचं काही अडणार नव्हतं. पण ज्या भावाचा हात धरून तो पोहायला शिकला, त्याने गुपचूप बांध सरकवला असेल, हा विचार त्याच्या मनात काट्यासारखा रुतला. बायकोने परोपरीने समजावलं. तरी दुसऱ्या दिवशी तो तडक बांधावर गेला आणि भावाला तोंडावर विचारलं, "दादा, बांध तू हलवलास का?"

थोरला भाऊ गवत कापत होता. त्याने विळा खाली ठेवला. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तुला तसं वाटत असेल तर माझं काही म्हणणं नाही, एवढंच बोलून तो घराकडे चालू लागला. धाकट्याने त्याचा अर्थ काय घ्यायचा तो घेतला.

झालं, दोन्ही घरांत अबोला धरला गेला. ठमी दुसऱ्या दिवसापासून यायची बंद झाली. बादली वाजली की ती बांधापलीकडे दारात येऊन उभी राहायची, केस पिंजारलेले, आणि मग आत जायची. इकडे वर्गात भिंगरी चक्क एका जागी बसू लागली, तेच मास्तरीणबाईंना बघवेना. रब्बीची पेरणी तोंडावर आलेली. तांबडा या गोठ्यात, पांढरा त्या गोठ्यात, नांगर मध्येच आडवा पडलेला. दोन्ही रानं तशीच. सगळ्यांत वाईट म्हणजे नकाशा. रोज सकाळी डोळ्यांसमोर तो असायचा, आणि आपणच ही आग लावली या जाणिवेने मास्तरीणबाई भिंतीकडे पाठ करून बसायच्या.

एका पहाटे त्या धुणं वाळत घालायला अंगणात आल्या. थोरली मदतीला होती. दोरीपर्यंत तिचा हात पोचेना. आदल्या दुपारी ही दोरी इतकी लोंबत होती की भिंगरीचा परकर मातीला टेकला म्हणून त्यांनीच बडबड केली होती. आता ती ताठ. थोरलीने टाचा उंचावल्या आणि सहज म्हणाली, "आई, दोरी आखडली बघ दवाने."

मास्तरीणबाई पिळलेली चादर हातात धरून जागच्या जागी उभ्या राहिल्या. ओला दोर आखडतो. हे त्यांना माहीत नव्हतं असं थोडंच? जन्म शेतात गेलेला. पावसात गुरांच्या दाव्याची गाठ सुटत नाही, सैल बाज भिजली की ताठ होते, हे लहान पोरालाही कळतं. पण गणित शिकवायला बसल्या तेव्हा त्या शेतकरीण राहिल्या नव्हत्या, मास्तरीण झाल्या होत्या, आणि घात झाला तो तिथेच. दिरांचं रान दवात मोजलं, आखडलेल्या दोराने, म्हणून दोर जास्त भरले. आपलं रान उन्हात, सैल दोराने.

त्या चादर तशीच टाकून गोठ्यात गेल्या. नवरा तांबड्याला वैरण घालत होता. त्यांनी सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, आता कोणत्या तोंडाने जाऊ?

"माझ्या," त्या म्हणाल्या. "चूक मी केली. बोलेन मी. तुम्ही फक्त सोबत उभे राहा."

ऊन चढल्यावर सगळे बांधावर गेले. दीर आले, पण लांबच उभे राहिले. ठमी त्यांच्या धोतरामागे. मास्तरीणबाईंनी पदर सावरला. कोरडा दोर जमिनीवर ताणला, टोकाशी खूण केली, मग तोच दोर पाण्यात बुडवून पुन्हा त्याच जागी ताणला. तो खुणेपर्यंत पोचला नाही. त्या म्हणाल्या, "भाऊजी, अक्कल माझी कमी पडली. त्यापायी तुम्हाला नको ते ऐकावं लागलं. मला माफ करा."

दिरांनी मान हलवली, जाऊ दे म्हणाले. पण धाकट्याचं तेवढ्यावर भागेना. आता भावासमोर, भर उन्हात, कोरड्या दोराने दोन्ही बाजू मोजायच्याच म्हणाला. त्याला मन साफ करून घ्यायचं होतं, मोठ्याने, सगळ्यांदेखत. दिरांनी दोनदा नको म्हटलं. तो ऐकेचना. विहिरीवरून दुसरा सुका दोर आणला आणि भिंगरी व ठमी टोकं धरून पळाल्या. इतक्या दिवसांनी दोघी एकत्र धावत होत्या, त्यांना कसल्या मोजणीचं काय.

थोरलीने आकडे सांगितले. मग ती आईकडे पाहू लागली. या खेपेलाही बाजू सारख्या नव्हत्याच. पण रुंद निघाली होती ती त्यांची स्वतःची. काकांची अरुंद होती, चांगली चार पावलं.

धाकटा गोंधळला. दोर खेचून पाहू लागला, कुठे भिजलाय का म्हणून चाचपू लागला. पुन्हा मोजा म्हणाला.

"नको मोजूस," थोरला म्हणाला. तो खाली बांधावर बसला होता. "मोजणी बरोबर आहे. बांध मी सरकवला हेही खरंय. तू म्हणालास त्या बाजूला नाही, इतकंच."

मग तोच सांगू लागला, जमिनीकडे बघत. आबांनी वाटणी केली त्या वर्षी थोरली पाळण्यात होती. त्याच्या घरी पाळणा हलायची काही चिन्हं नव्हती. खुंट्या ठोकायचं काम त्याच्याकडे होतं. ठोकता ठोकता तो स्वतःच्याच रानात आत सरकला. आबांनी पाहिलं, पण न पाहिल्यासारखं केलं.

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंस?" धाकट्याने विचारलं.

"सांगितलं असतं तर तू परत करायला निघाला असतास."

"करणारच. आता तुझ्याही घरात पोर आहे, दादा."

"आहे ना," थोरला म्हणाला. "पण वाढतेय कुणाच्या घरात?"

धाकटा त्याच्याशेजारी बांधावर बसला आणि त्याने तोंड दोन्ही हातांत धरलं. दादाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मास्तरीणबाईंना रडू आवरेना, त्यांनी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही. ठमी मात्र कुणी बोलवायची वाट न बघता त्यांच्यापुढे पाठ करून बसली, वेणी घालायला.