‘काढून ठेवावी’ मधलं ‘ठेवावी’

मुरुमच्या योगीराजला लोक विचारायचे, तू नेमकं करतोस काय? तो सांगायचा, यंत्रानं वाचावं म्हणून मराठी लिहितो. विचारणारा मग जरा दयेनं बघायचा आणि तलाठी भरती निघालीय, असं हळूच सुचवायचा.

काम खरंच तसलंच. पुण्यातल्या एका कंपनीनं स्टुडिओवाल्यांसाठी ‘चित्रपालट’ नावाचं साधन बाजारात आणलं. कॅमेऱ्यातली जडशीळ फाइल घ्यायची अन् तिचा मोबाइलवर पाठवता येईल असा हलका फोटो करायचा. ते माणूस चालवत नाही, एआय एजंट चालवतो. स्टुडिओवाल्यानं फक्त मराठीत बोलायचं. पण एजंटाला साधनाबद्दल लिहून दिलंय तेवढंच कळतं. त्याला अंदाज नाही, भीड नाही, ‘मालकाला एकदा विचारून बघू’ असली अक्कल नाही. म्हणून योगीराज त्याच्यासाठी सूचना लिहायचा. नव्या कंडक्टरला रूट समजवावा तशा, थांब्या-थांब्यानं. धाराशिवला मराठी घेऊन बी.ए. झाला तेव्हा, मराठी तर घरात फुकट मिळत होती, असं वडील म्हणाले होते. हे काम लागल्यापासून ते गप्प होते.

त्या सूचनांत एक वाक्य होतं: ‘फोटो तयार झाल्यावर मूळ फाइल काढून ठेवावी.’ म्हणजे बाजूला ठेवावी, जपून. पण सूचना तपासायला पुण्यात अस्मिता मॅडम होत्या आणि त्यांना वाक्यं छाटायची भारी हौस. वाक्य आखूड तर एजंट चपळ, हे त्यांचं शास्त्र. त्यांनी वाक्य केलं, ‘मूळ फाइल काढावी.’ योगीराजनं ऑनलाइन मीटिंगमध्ये सांगितलं की अर्थ बदलतोय. मॅडमनी अंगठा दाखवला, तो मोबाइलवरचा, आणि सूचना तशीच पुढं गेली.

आता ‘काढणे’ म्हणजे काय, हे मराठी माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. आपण फोटो काढतो, आठवण काढतो, दिवस काढतो, दात काढतो. एजंटानं यातला दातांचा अर्थ उचलला.

नळदुर्गला हायवेला लागून योगीराजच्या मामाचा, गुंडप्पाचा स्टुडिओ. भाच्याच्या शब्दावर मामानं चित्रपालट घेतलेलं. गावातल्या आण्णासाहेबांच्या मुलीचं, शिवांजलीचं लग्न मामानं टिपलं, अन् सगळे फोटो हलके करून नवरीला पाठव, असं एजंटाला सांगितलं. त्यानं पाठवले. मग सूचनेबरहुकूम मूळ फाइली मुळासकट उपटल्या. कॅमेऱ्यातलं कार्ड मामानं तोवर पुढच्या लग्नासाठी कोरं केलेलं. अल्बमसाठी फोटो मोठे करायला घेतले, तर नवरीच्या नाकाच्या जागी नुसते चौकोन.

“आण्णासाहेब समोर बसलेत,” मामा फोनवर म्हणाला. “म्या त्यांना काय दावू? तुझ्या यंत्रानं माझं नाव घालवलं बघ.”

मामानं कंपनीकडंही तक्रार केली होती; तिनं तोवर माफीपत्राचा मजकूर तयार करून योगीराजच्या मान्यतेसाठी धाडला होता. सूचना लिहिणाऱ्याच्या भाषेतील चुकीमुळं हा प्रकार घडला, असं त्यात होतं, आणि खाली योगीराजचं पूर्ण नाव. हेच पत्र मामाला जाणार होतं. हो म्हटलं तर नोकरी राहणार होती. फक्त मामाच्या स्टुडिओला भाच्यानं चूड लावली, हे कंपनीच्या शिक्क्यानिशी पक्कं होणार होतं.

योगीराजनं मॅडमना फोन लावला. त्यांनी फार गोड आवाजात विचारलं, “तुमच्या भागात ‘काढणे’ वेगळ्या अर्थानं वापरतात का रे?”

“आमच्या भागात फोटो काढतात, मॅडम, अन् काढलेला जपतात. ‘ठेवावी’ तुम्ही उडवलं. मी तेव्हाच बोललो होतो.”

“तो टीमचा निर्णय होता.”

“मग खाली टीमचं नाव घाला.”

मॅडम म्हणाल्या, असा हट्ट तुझ्या करिअरला बरा नाही. करिअर हा शब्द मुरुमात बसून ऐकला की आधीच अर्धा हसण्यावारी जातो. योगीराजनं नकार लिहून पाठवला. दुसऱ्या दिवशी लॉगिन केलं, तर आत घेईना. निरोप नाही, फोन नाही. एवढं आखूड काम त्या कंपनीत आजवर कुणाला जमलं नसेल.

त्यानं एसटी धरली आणि नळदुर्ग गाठलं. आण्णासाहेब आजही स्टुडिओत होते, हाताची घडी घालून. योगीराजनं दोघांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. वाक्य कसं होतं, कुणी कसं छाटलं, माफीपत्र कसं आलं.

“आरं, पण नोकरी?” मामानं विचारलं.

“गेली.”

आण्णासाहेबांनी हाताची घडी सोडली. “पोरीच्या लग्नाचा एक फोटो भिंतीवर लावता येईना, अन् ती बाई तुमची बोली तपासतीय व्हय?” त्यांचा आवाज चढला तसा बाहेरचा रिक्षावाला आत डोकावला. “गुंडप्पा, ग्राहक मंचात जायचं. तक्रार ह्या पोराकडनं लिहून घ्या. त्या बाईचं नाव, टीमचं नाव, सगळं येऊ द्या त्यात.”

मामानं कॉम्प्युटरसमोरची खुर्ची भाच्याकडं सरकवली.

“तक्रारदार म्हणून माझंबी नाव घाल,” आण्णासाहेब म्हणाले. “मामाच्या आधी.”