दारात आडवी खाट

तर मोठे डॉक्टर फेरीला निघाले आणि कंडक्टरबाई वॉर्डाच्या दारातच उभी ठाकली, इथवर आलो होतो. बाई बारा गावचं पाणी प्यालेली. उभा जन्म बसमध्ये गेला. मागच्या दाराशी कोणी लोंबकळत असलं, की ड्रायव्हर कितीही खेकसो, बेल म्हणून द्यायची नाही.

मनोरुग्णांच्या या वॉर्डात तिचा धाकटा भाऊ होता. संध्याकाळ झाली की हा पठ्ठ्या खाट ओढत न्यायचा आणि बाथरूमच्या दारात आडवी लावायचा. वॉर्डबॉय ती परत जागेवर न्यायचा. या ओढाताणीत वॉर्डबॉयचं बोट चेंगरलं आणि वरून हुकूम सुटला: पेशंट धोकादायक, दुपारी कुलुपाच्या वॉर्डात हलवा. तिकडे गेलेला माणूस लवकर परतत नाही, हे बाईला पक्कं ठाऊक होतं.

"खाट तिथेच का नेतो, हे त्याला विचारलंत?"

"ताई, आजारी माणूस तो," सिस्टर म्हणाली. "त्याला काय विचारायचं?"

"आजार डोक्याला झालाय. जीभ शाबूत आहे."

फेरी होती सुरक्षेच्या तपासणीची. खिडक्यांचे गज, पंख्याचे हूक, दोऱ्या, काचा सगळं बघायचं; तेवढा वेळ पेशंटनी खाटेवर बसायचं आणि घरच्यांनी बाहेर. बाईने भावाचं मनगट धरलं आणि सरळ फेरीच्या मागे चालू लागली.

डॉक्टर वळले. "बाई, ही काय सहल आहे?"

"सहल असती तर डबा आणला असता."

सिस्टरने हसू पदरात लपवलं. बाथरूमशी आल्यावर डॉक्टर आत डोकावले, नळ बघितला, "ठीक" म्हणाले. तेव्हा इतका वेळ मुका असलेला भाऊ बोलला.

"दार लावून बघा."

दार सताड उघडं, भिंतीला टेकलेलं. आजवरची प्रत्येक तपासणी अशीच, उघड्या दाराने झालेली. सिस्टरने ते ओढून घेतलं, तर आतल्या बाजूला ही मनगटाएवढी कडी.

"पलीकडच्या खाटेवरच्या काकांनी आतून लावून घेतली होती," भाऊ म्हणाला. "मी हाका मारून मारून बाहेर काढलं. खाट आडवी असली की दार लागतच नाही."

"मग सांगायचंस ना, बाबा," सिस्टर म्हणाली.

"सांगितलं. गोळी वाढवलीत."

डॉक्टरांनी मिस्त्रीला बोलावून उभ्या उभ्या कडी काढायला लावली. भावाचं हलवणंही रद्द झालं. मग घसा खाकरून ते म्हणाले, "चला बाई, तुमचं काम झालं. आता बाहेर थांबा. अजून खाटांची अख्खी रांग बघायची आहे, आणि पेशंटना, नातेवाइकांना फेरीत घ्यायचा नियम नाही."

बाईने भावाचं मनगट सोडलं नव्हतं. ती म्हणाली, "नियम तुमचा असेल, साहेब, पण इथे राहतात ते हे लोक. त्या काकांनाही उठवा, सोबत घ्या. सगळे आत आल्याशिवाय मी बेल देत नाही."