दम लागला तिथं खुंटी

"हितं ठोकू का, म्याडम?" असं विचारून मामा माझ्या उत्तराची वाट कधीच पाहत नसत. डावा हात कमरेवर, उजव्या हातात हातोडा, आणि बाभळीची खुंटी तोवर अर्धी जमिनीत गेलेली असे. मग विचारायचे कशाला, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मामा म्हणजे लातूरच्या आमच्या ऑफिसातले मोजणीचे मजूर, मूळचे मुरुडकडचे. टेपचं शून्याचं टोक जन्मभर त्यांनीच धरलं. "झिरो माझ्याकडं, नंबर तुमच्याकडं," असं ते प्रत्येक नव्या इंजिनिअरला पहिल्याच दिवशी सांगून टाकत. मी हदगावहून नोकरीला आले तेव्हा मलाही सांगितलं. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. त्याला साहेबापेक्षा जास्त कळतं, आणि हे साहेब सोडून सगळ्यांना ठाऊक असतं.

काम असं होतं. शहराच्या कडेच्या नव्या वसाहतींतल्या बागा, मोकळ्या जागा आणि जुन्या तलावाचा काठ जोडणारा एक लांबलचक रस्ता आखायचा. मोटारी आणि मोटारसायकलींना बंदी. चालणारे, सायकलवाले, चाकाच्या खुर्चीतली माणसं, सगळ्यांनी त्याच्यावरून जायचं. मी कॉम्प्युटरवर सरळ रेघ मारली, दर शंभर मीटरवर एक बाकडं टाकलं आणि मोठ्या ऐटीत नकाशा मामांपुढे धरला.

त्यांनी तो फिरवून उत्तरेला लावला. "छान हाय. पर ह्याच्यावरून चाललं कोण?"

"अजून रस्ताच नाही मामा, चालणार कोण?"

"मंग आपण चालून बघू की."

मामा पुढे, चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ सोडत. मागे मी, वही घेऊन. माझी रेघ एका गोठ्यातून जात होती. मामा म्हशीसमोर उभे राहिले, "सरकारी काम हाय बाई, उठा," म्हणाले. म्हैस उठली नाही. मग त्यांनी गोठ्याला वळसा घालून रेघ नेली. लोकांची पायवाटही तिथूनच होती.

बाकड्यांसाठी त्यांचा नियम एकच. चालताना जिथे दम लागेल तिथे खुंटी. "माणूस दमतंय तवा बसतंय. मीटर मोजून कोण बसतंय व्हय?" मला ते इतकं पटलं, की माझी शंभर-शंभर मीटरवरची बाकडी मी त्याच दिवशी खोडून टाकली.

एकदा खुंटी ठोकल्यावर मामा तिथेच मातीत बसले आणि उठेनात. मी पाण्याची बाटली दिली. दोन घोट पिऊन म्हणाले, "साहेबाला बोलू नका. छातीचं जुनं हाय. कळलं तर गेटवर स्टुलावर बसवतील. दिवाळीला रिटायरच व्हतोय. हा एक रस्ता ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू द्या मला. मंग बसतोच की जन्मभर."

"डॉक्टरला दाखवाल?"

"व्हय, दाखवतो."

मामांच्या अशा 'व्हय'चा अर्थ मला चांगला माहीत होता. तरी मी गप्प बसले. त्यांच्याशिवाय तो रस्ता मला आखायचा नव्हता, हे खरं कारण.

पुढे तलावाच्या बाजूला खुंट्या जवळजवळ यायला लागल्या. "मामा, इथे काय बाकड्यांचा बाजार भरवायचाय?" मी चिडवलं.

"म्हातारी माणसं येतील, म्याडम. बसू द्या की निवांत."

मी हसले आणि अंतर वहीत लिहून घेतलं. त्यांचा नियम मला पाठ होता, छातीचंही माहीत होतं. दोन्ही एकत्र करून पाहावं, एवढं मात्र सुचलं नाही.

शेवटची खुंटी ठोकली तिथून रस्त्याचं शेवटचं टोक, लिंबाखालचं लोखंडी गेट, समोर दिसत होतं. "ऱ्हायलेलं उद्या," मामा म्हणाले आणि चपला झटकून घराकडे वळले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुंट्यांचा भारा घेऊन तिथे उभी होते, आणि ऑफिसातून फोन आला. मामा रात्री घरीच वारले होते.

काही दिवसांनी ती वही उघडली. पहिल्या दोन खुंट्यांमधलं अंतर एकशे ऐंशी मीटर. मग दीडशे, मग एकशे दहा. शेवटी शेवटी तीस. सगळे आकडे माझ्याच अक्षरात होते. मामांचा दम रोज कमी होत होता आणि मी तो टेपनं मोजून लिहून घेत होते. त्या वहीपुढे मी खूप रडले. स्वतःचा राग आला, तो अजूनही येतो.

मोठ्या साहेबांनी बाकडी सारख्या अंतरावर घ्यायला सांगितलं. मी नाही म्हणाले, नोकरीत पहिल्यांदाच. "चालून ठरवलेल्या जागा आहेत, सर," एवढंच मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, आणि आवाज चढत गेला. शेवटी त्यांनी वैतागून सही केली.

आता तुम्ही तिकडे फिरायला गेलात तर तलावाजवळ बाकडीच बाकडी दिसतील. इंजिनिअरला अक्कल नव्हती, असं लोक म्हणतात आणि त्याच बाकड्यांवर बसून गप्पा मारतात. मी शेजारून मुकाट्यानं जाते.

रस्ता खुला झाल्यावर मामी, म्हणजे मामांच्या पत्नी, मुरुडहून आल्या. पहिल्यापासून प्रत्येक बाकड्यावर थोडं थोडं बसल्या. शेवटच्या बाकड्यावर बसून त्यांनी समोर पाहिलं. "गेट तर हितंच हाय की. मंग हितं कशाला बसायचं?"

"दम लागला होता त्यांना, मामी."

मग मी सगळंच सांगितलं, मी गप्प बसल्याचंही. मामी पदर मुठीत धरून ऐकत होत्या. "मलाबी बोलले न्हाईत," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं आता बोल लावतील. लावला असता तर बरं वाटलं असतं.

त्यांनी उठून माझा हात धरला.

"एवढंच ऱ्हायलं व्हतं व्हय त्यांचं? चल पोरी, चालून टाकू."

गेटपर्यंत आम्ही कुठेच थांबलो नाही.