तीन व्होल्टचा वायरमन

धुळ्यात आमची बाइंडिंगची खोली आहे. वडिलांनंतर ती मीच चालवते. आठवडाभराच्या कात्रणांचं पोतं शनिवारी रद्दीवाला घेऊन जातो. पण त्याच शनिवारी दुपारी तिथे जी मंडळी जमतात, त्यांचे किस्से कोणी उचलून नेत नाही. ते साठतच जातात. मग कोणी वह्या न्यायला आलं आणि चहाला थांबलं, की त्याला ते ऐकावेच लागतात.

मंडळी म्हणजे आम्ही चौघंच. मी, शेजारच्या कमलवहिनी, सायन्सचे रिटायर्ड मास्तर पाटील सर, आणि लाइनमन म्हणून रिटायर झालेले नाना. काम एकच. कागदाच्या वस्तू करायच्या आणि त्यांत छोटे दिवे पेटवायचे. या वयात हे काय, असं लोक विचारतात. मग कोणत्या वयात, असं आम्ही विचारतो.

* * *

सुरुवात कमलवहिनींनी केली. त्यांचं माहेर फैजपूरचं, केळीच्या बागांतलं. बंद वस्तू दिसली की उघडून बघायची त्यांना लहानपणापासून खोड. नातीनं पुण्याहून वाढदिवसाचं कार्ड पाठवलं. उघडलं की आतलं कागदाचं फूल उजळायचं. वहिनींनी ते दोनदा उघडून पाहिलं आणि तिसऱ्यांदा सुरीनं.

आत निघालं काय? शर्टाच्या बटणाएवढा चपटा सेल, तांब्याची चिकट पट्टी आणि ज्वारीच्या दाण्याएवढा एलईडी. वायर नाही, काही नाही. वहिनी ते सगळं ताटलीत घेऊन माझ्याकडे आल्या. "ताई, हे कसं काय पेटून राह्यलं?"

मला माहीत नव्हतं. मी सरांना बोलावलं. सरांना माहीत होतं, पण जोडता येत नव्हतं. त्यांनी नानांना बोलावलं.

"अहो, नातीला काय सांगाल?" मी विचारलं.

"लय आवडलं म्हणीन. आतून बी पाह्यलं म्हणीन."

* * *

नाना चौतीस वर्षं खांबावर चढले. बटण सेल तळहातावर ठेवला, तेव्हा त्यांनी विचारलं, "कितला व्होल्ट?"

"तीन," सर म्हणाले.

"तीन हजार?"

"नुसते तीन."

नानांनी सेल मला परत दिला. "एवढामा तं मुंगीले भी झटका बसत नही."

तरी हात घालायच्या आधी त्यांनी मोठ्यानं विचारलं, "लाइन बंद?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. नाना थांबूनच राहिले. शेवटी वहिनी म्हणाल्या, "बंद." तेव्हा कुठे त्यांनी कात्री उचलली. आजही तोच नियम आहे. एकदा सर हसले, तर नाना शांतपणे म्हणाले, की ज्यांनी विचारलं नाही त्यांच्या तेराव्याला ते जाऊन आलेले आहेत. त्यानंतर सरच सगळ्यांत आधी "बंद" म्हणतात.

तर बाजारातून आणलेला दोन पायांचा पहिला दिवा काही लागेना. नानांनी पट्टी बदलली, सेल बदलला, एलईडीला दोन शब्द सुनावले. सरांनी सांगितलं, "उलटा बसवलाय. लांब पाय प्लसला, आखूड पाय मायनसला." खांबावरच्या करंटला उलटं-सुलटं नसतं. त्यामुळे हे नानांना फार लागलं.

"चौतीस वरीसमा तारनी माले कधी इचारं नही, उलटा का सुलटा!"

सुलटा केल्यावर दिवा लागला. नाना बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "मी एक घर करस."

* * *

ते घर कोणाचं, हे सांगायलाच हवं.

नाना मूळ सोनगीरचे. त्यांचे थोरले भाऊ, आबा, तिथेच तांब्या-पितळेची भांडी घडवतात. अकरा वर्षांपूर्वी श्रावणातल्या कानबाईच्या सणाला आबांनी घरावर दिव्यांच्या माळा लावल्या आणि त्यांच्यासाठी समोरच्या तारेवर आकडा टाकला, म्हणजे फुकटची वीज ओढली. कोणीतरी तक्रार केली. ड्यूटीवर नेमके नाना.

रोटाच्या, म्हणजे कानबाईच्या प्रसादाच्या जेवणाला बठ्ठी, झाडून सगळी भाऊबंदकी जमलेली. आबांना वाटलं, धाकटा आकडा पक्का करायला आला. त्यांनी आनंदानं स्वतः शिडी धरली. नाना वर चढले, आकडा काढला आणि खाली उतरले. माळा विझल्या. आबांनी शिडी उचलून भिंतीला लावली आणि आत गेले. त्या दिवसापासून भावाशी एक शब्द नाही. मध्ये घरात दोन लग्नं झाली, तिथेही नाही.

"शिव्या देता तरी चालतं," नाना म्हणतात. "पन शिडी त्यानी धरेल व्हती ना."

आबांनी पुन्हा बोलावं, एवढीच नानांची इच्छा आहे. म्हणून त्यांना सोनगीरचं ते घर कागदाचं करायचं होतं आणि दारावर तीन दिव्यांची माळ लावायची होती. यात हसण्यासारखं काही नाही. मलाही हसू आलं नाही.

* * *

आता वहिनींचा टापटिपीचा किस्सा. नानांनी घरासाठी वीस एलईडी आणले आणि डबीत ठेवले. पुढच्या शनिवारी डबी उघडली तर सगळ्यांचे दोन्ही पाय सारखे कापलेले.

"एक लांब, एक आखूड, बरं दिसे नाही," वहिनी म्हणाल्या. "मी नखं कापायच्या मशीननं सारखे करून टाकले."

प्लस कोणता, मायनस कोणता, काही कळायचा मार्ग उरला नाही. म्हणजे मार्ग होता, पण सर भिंगातून कडेचा चपटा भाग शोधत बसले. तोवर नानांनी सेल घेतला, एकेक एलईडी त्यावर चिमटीत धरून पेटवून बघितला आणि पेटलेल्याच्या प्लसच्या पायाला वहिनींचं लाल नेलपॉलिश लावलं. वीसच्या वीस. वहिनी शेजारी बसून पाय वाळावेत म्हणून फुंकर घालत होत्या.

"चौतीस वर्षांत असं काम केलं होतं का?" मी विचारलं.

"खांबले नखे नही ऱ्हातस," नाना म्हणाले.

* * *

सगळ्यात मोठं कोडं मात्र माझ्यामुळे पडलं. त्यात माझी अक्कल निघाली, पण सांगते.

नानांचं घर उभं राहिलं. भिंती, कवलं, मागे सोनगीरचा किल्लासुद्धा. मी ते खळीनं चिकटवलं. संध्याकाळी तिन्ही दिवे मंद, पण लागले. नाना खूश. सकाळी बघते तर विझलेले. सेल नवा घातला, तरी नाही. कुठे सुटलंय का म्हणून मी पुन्हा खळ लावली, तर लागले! दुपारपर्यंत वाळली, विझले. असं तीन दिवस चाललं. ओलं असताना उजेड आणि वाळलं की अंधार. अशी वस्तू मी जन्मात पाहिली नव्हती. कामं सोडून मी तिच्याकडेच बघत बसायची.

सरांनी येऊन खळीचा वास घेतला. "यात काय घालता?"

"मोरचूद. कसर लागू नये म्हणून. वडील घालायचे."

सरांचा चेहरा दहावीच्या वर्गात असावा तसा उजळला. नानांच्या पट्टीत एका जागी केसाएवढी फट होती. मोरचुदाची ओली खळ त्या फटीतून करंट नेत होती. वाळली की रस्ता बंद. सर फळ्याशिवाय अर्धा तास बोलले.

नाना मात्र एका वाक्यात उठले. "पावसायामा खांबले हात लावू नका, आम्ही काय उगाच सांगतस का?"

फट बुजवली. दिवे लख्ख लागले आणि लागलेलेच राहिले. मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

* * *

शिंदखेड्याच्या एका शाळेत आम्ही मुलांना हे दाखवायला गेलो होतो. नानांचं घरही नेलं होतं. खिडक्या बंद करून मोठ्या बाईंनी ट्यूबलाइट घालवली, तेव्हा चार टेबलांवरची कागदाची घरं उजळली. मुलं बाकांवर उभी राहिली. मग बाईंनी बटण दाबलं, तर ट्यूब लागेना. खरोखरच लाइट गेली होती.

सगळी शाळा नानांकडे बघायला लागली.

"मी रिटायर शे," नाना म्हणाले. पाच मिनिटं दम धरला. मग बाहेर जाऊन खांबाखाली उभे राहिले आणि मान वर करून बघत राहिले. एक पोरगी त्यांच्या मागोमाग गेली. तिनं विचारलं, "बाबा, तुमच्या घराचे दिवे कसे नाही गेले?"

"त्याले खांब नही, बेटा. त्याना आकडा कोनी काढू शकत नही."

परत येताना एसटीत ते आपलं घर मांडीवर धरून बसले होते. धुळं आलं तेव्हा म्हणाले, "ताई, तुम्ही लई जा ते घर. मी गऊ तं दार लाई ली."

* * *

नाना गेले तर आबा दार लावून घेतील, म्हणून घर मी न्यायचं ठरलं. सोनगीरच्या शाळेच्या वह्या द्यायला मला जायचंच होतं. त्याआधी वहिनींनी घराला एक युक्ती जोडली. कागदाचं दार उघडलं की दिवे लागावेत, बंद केलं की विझावेत. सरांनी हिशेब केला, रोज एकदा क्षणभर उघडलं तर सेल वर्षभर जाईल.

आबा ओसरीवर हंड्याला ठोके देत होते. मी माझं नाव सांगितलं, घर समोर ठेवलं. त्यांनी हातोडी बाजूला केली. किल्ल्याकडे बघितलं, कवलांकडे बघितलं. मग घर उलटं केलं. तळाशी नानांनी तांब्याची पट्टी वळवून जोड मारला होता, तारेला मारतात तसा. आबांनी त्या जोडावरून अंगठा फिरवला.

"कोनी करं?"

"आमच्या शनिवारच्या मंडळींनी," मी म्हणाले.

त्यांनी मला चहा दिला. घर आत नेऊन फडताळात ठेवलं. दार उघडलं नाही. निघताना मी एका कागदावर माझा फोन नंबर लिहून दिला, वह्यांचं काही काम असलं तर म्हणून.

नाना धुळ्याच्या स्टँडवर उभे होते. "दार उघडं का त्यानी?"

"नाही," मी म्हणाले. "पण ठेवून घेतलं."

"ठेयं ना? बास." पण तीन दिवसांनी आलेल्या शनिवारी त्यांनी "लाइन बंद?" विचारलं नाही. कात्रीलाच हात लावला नाही.

मी सोनगीरला जाऊन आल्याला नऊ दिवस झाले. दहाव्या दिवशी शनिवार होता, चौघंही खोलीत होतो. माझा फोन वाजला. हातांना खळ लागलेली, म्हणून मी तो स्पीकरवर टाकला.

"बाइंडिंगवाली ताई का?" आवाज आबांचा होता. नानांनी मान वर केली.

"हो, बोला आबा."

"कागदना घरनी लाइट गयी शे," आबा म्हणाले. "तुमना त्या वायरमनले धाडी द्या."

नाना उठून उभे राहिले. आबांचं अजून संपलं नव्हतं.

"आनि शिडी नको आनू म्हना त्याले."