गेटवरचं पिल्लू

बोईसरच्या आमच्या कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन कधी सरळ बोलत नाही. ओळखपत्र दाखवलं तरी खेकसतो, नाही दाखवलं तरी खेकसतो. याला पगार गेट सांभाळायचा मिळतो की भुंकायचा, असं मी रागाने बायकोला विचारायचो.

परवा सकाळी शिफ्टच्या बसमधून उतरलो तर गेटजवळ बुलबुलाचं पिल्लू बसलेलं. त्याला उडता येत नव्हतं. मी ते रुमालात उचललं आणि डब्यातली चपाती कुस्करून भरवायला लागलो. चार जण मोबाईल काढून उभे राहिले.

"ठेव ता खाली!" वॉचमन अंगावर धावून आला. "त्याची आय मेली नाय. ती बघ, तारेवर बसली हाय. तुमी सगले हटलात तर येल ना ती!"

चोचीत अळी धरून ती खरंच थांबली होती. मी पिल्लू खाली ठेवलं. आम्ही मागे सरलो, तशी ती खाली उतरली. पिल्लाने चोच वासली.

तेवढ्यात मोठ्या साहेबांची गाडी गेटसमोर येऊन हॉर्न मारू लागली. वॉचमन हा ठेकेदाराचा माणूस. साहेबांनी एक फोन केला की उद्यापासून घरी. तरी त्याने गेट उघडलं नाही. गाडीपुढे जाऊन आडवा उभा राहिला.

"हॉर्न बंद करा," तो साहेबांवर खेकसला. "पोर जेवतंय."

कुस्करलेली चपाती माझ्या मुठीतच होती. ती कुठे टाकावी, तेही मला कळेना.