कच्च्या टाक्यांची ओढणी

माझी नात यवतमाळला कॉलेजात कबड्डी खेळते. विद्यापीठाच्या संघाची निवड होती, आणि तिच्या बापानं, म्हणजे माझ्या लेकानं, अट घातली: टी-शर्टावर ओढणी हवी. ओढणी घसरली की तिथूनच घरी, खेळ कायमचा बंद. पोरगी रडकुंडीला आली. लेकाला मात्र आपण फार उदार झालो असं वाटत होतं. ओढणी टी-शर्टाला शिवायचं काम माझ्याकडे आलं, कारण या विषयातला अनुभव घरात माझाच.

अनुभव असा. लग्नानंतर मी कॉलेजात गेले आणि साडी नेसून खो-खो खेळायचे. सासूबाईंचा हुकूम होता, डोक्यावरचा पदर ढळायचा नाही. मी इतकी शहाणी की पदर सरळ वेणीलाच शिवला, दुहेरी दोऱ्यानं. नेर गावच्या सामन्यात मागून धावणाऱ्या पोरीचा हात पदराच्या टोकाला लागला. मी भांडले, पदराला लागला, मला कुठं लागला? पंचांनी पदर ओढून पाहिला. माझी मान मागं गेली.

"तुमच्यासंगच येऊन राह्यला ना बाई," ते म्हणाले, आणि मी बाद.

सामना हरलो. मी महामूर्ख परतीच्या एसटीत एकेकीला विचारत होते, ढळला का पदर, सांगा?

तर नातीच्या सामन्याला पंचांनी ओढणी पाहिली, नियमांचं पुस्तक चाळलं. त्यात ओढणी कुठंच नव्हती, म्हणून चालेल म्हणाले. पहिल्याच चढाईत समोरच्या चार पोरी ओढणीवर तुटून पडल्या. ओढणी चौघींच्या हातात राहिली आणि नात मधली रेघ ओलांडून परत. लेक तिला घरी न्यायला उठलाच होता, पण लोक टाळ्या वाजवत, पोरीचा बाप म्हणून त्याचाच हात हातात घेऊ लागले. मग तो ओढणी उचलून आणून, स्वतःच्या खांद्यावर टाकून, शेवटपर्यंत उभा राहिला. बाजूच्या एका बाईनं त्याला विचारलं, तुमची चढाई कधी?

संघात नातीचं नाव लागलं. घरी येताना लेक हळूच म्हणाला, "माय, टाके कच्चे काहून घातले?"

"डोळे गेले रे बाप्पा आता."

पुढच्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी त्यानं ओढणी आणून माझ्या मांडीवर ठेवली.

"कच्चेच घाल," म्हणाला.