सुलभाच्या माश्या आणि मी

मुक्ता, फोन ठेवू नकोस, आधी माझं ऐकून घे. आई जाऊन महिना-दीड महिना झाला, आणि तू बंगळुरूहून फोन करून विचारतेस काय, तर "मावशी, आईच्या त्या टाचणीला टोचून ठेवलेल्या माश्यांच्या पेट्या कुणाला देऊन टाकू?" पेट्यांची काळजी आहे, मावशी जेवली का, हे विचारायला नको?

खरं सांगू, त्या माश्यांचा मी जन्मभर हेवा केला. हसू येतंय ना? येऊ दे. तुझ्या आईचे, सुलभाचे, आणि माझे यजमान एकाच बँकेतले, बदलीवर इकडे कोलकात्यात आलो ती दारासमोर दार. सियालदहच्या बाजारातून गंधराज लिंबाचं रोप आम्ही दोघींनी मिळून आणलं. त्यावरचा सुरवंट फुलपाखरू बघायचं म्हणून बरणीत ठेवला. तर त्याच्या कोशातून निघाली अळी, आणि पुढे त्या अळीची झाली राठ केसांची करडी माशी! मी म्हटलं, "शी, फेकून दे." ती म्हणाली, "थांब गं... पाठीवरचे केस बघ, कसे रांगेत उभे आहेत." तिथेच माझी मैत्रीण गेली म्हणा ना.

मग एकच भिंग, एकच पुस्तक, दोघींत. मीही शिकले, बरं का! पाठीच्या टोकाला ढालीसारखा भाग असतो, त्याच्याखाली फुगवटा दिसला की ती सुरवंट पोखरणाऱ्यांपैकी. पुढे केस कुठे, किती, कुठे झुकलेले, त्यावरून जात ठरायची. पण मला दिसायची माशी, आणि तिला जशी ओळखीची बाईच दिसायची. एकदा केस गळालेली माशी मी मुद्दाम पुढे केली, "हिचं सांग आता!" तर म्हणते, "केस गळला तरी त्याची खाच राहते की." आणि सांगितलं नाव! मी मात्र एस्प्लनेडला जाऊन केस खांद्यापर्यंत कापून आले, तर हिला कित्येक दिवस पत्ता नाही. "सुलभा, माझ्याकडे बघ तरी!" "बघतेय ना," म्हणायची... डोळा भिंगालाच.

शेवटच्या दिवसांत दवाखान्यात मी तिची उशी सारखी करत होते. तिने माझी हनुवटी धरली आणि चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला. म्हणाली, "डाव्या भुवईत एका जागी केस नाहीत तुला. पेन्सिलीने भरतेस."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"पहिल्यापासून."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"तू भरत होतीस म्हणून..."

मुक्ता, एवढं एक वाक्य मिळालं मला, आणि त्या माश्यांना तिचं अख्खं आयुष्य. हेवा अजून गेलेला नाही. पण त्या पेट्या कुणाला देऊ नकोस. सवती माझ्या आहेत, त्यांचं काय करायचं ते मी बघेन. तू मात्र दुर्गापूजेची गर्दी सुरू व्हायच्या आत ये. आईचं काय काय उतरलंय तुझ्यात, ते मला तुला खिडकीशी बसवून नीट बघायचंय. ये गं लवकर.